मोकळं व्हा म्हणणारी बाई

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ते म्हणाले, "बाई, नोकरीतल्या आठवणी लिहा. सणाचा अंक आहे, तेव्हा जरा हलकंफुलकं असू द्या."

म्हटलं, "अहो, माझी नोकरी जीव द्यायला निघालेल्या माणसांशी बोलायची होती."

मग ते हळूच म्हणाले, "हो, ते खरंय. पण हलकंफुलकं जमेल ना?"

जमेल म्हटलं. काम गंभीर होतं, पण ते करणारी बाई फारशी गंभीर घेण्यासारखी नव्हती. आधी साताऱ्यात आणि मग सांगलीत, सरकारी दवाखान्यात मी मानसोपचार विभागाची समाजसेविका होते. मला मिळालेली खोली पूर्वी बेडपॅन ठेवायची होती. रंगाऱ्यानं दारावर 'समुपदेशन कक्ष' लिहायचं ते 'समुपदेश कक्ष' लिहून ठेवलं आणि ते तसंच राहिलं. निम्मी माणसं दार ढकलून विचारायची, "अपंगाचा दाखला हितंच मिळतोय न्हवं?" उरलेली निम्मी मला बघून घाबरायची, कारण वेड्यांची बाई म्हणजे मी.

कामाचं स्वरूप सांगते, म्हणजे तुम्ही बिचकणार नाही. जिवावर उदार झालेला माणूस दवाखान्यात येतो. डॉक्टर आणि सिस्टर त्याला वाचवतात. तो थोडा सावरला, चहा घ्यायला लागला, की मी जाऊन त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसते. त्यानं काय केलं, कसं केलं हे मी विचारत नसे आणि इथंही लिहिणार नाही. ते डॉक्टरांच्या कामाचं. मला बघायचं असायचं की हा माणूस आहे कसा, तो विचार अजून डोक्यात आहे का, आणि घरी त्याला सांभाळायला कोण आहे. एवढंच. बाकी माझा खादीचा झोळा, मान तिरकी करून ऐकणं आणि तो मऊ आवाज ही सगळी सजावट होती. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तो दवाखान्यातला आवाज घरी काढू नकोस, मला आजारी असल्यासारखं वाटतं."

बाहेरच्या लोकांना वाटतं, असं करणारी माणसं सगळी एका साच्यातली असणार. मनानं कच्ची, हळवी. नोकरीला लागले तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. माझी पदवी नवी कोरी होती, त्यामुळे मला सगळंच माहीत होतं.

मग साताऱ्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी स्वभाव तपासायची एक चाचणी आणली. कुणीतरी विद्वानानं तिचं मराठी केलं होतं, आणि करताना दारं-खिडक्या बंद करून घेतली असावीत. "आपण नवनवीन अनुभवांप्रती उत्सुक असता काय?" "मेजवानीप्रसंगी अपरिचितांशी संभाषण साधणे आपणांस रुचते काय?" हाताला सलाईन लावलेल्या माणसाला मी हे मऊ आवाजात वाचून दाखवायची. एका आजोबांनी शेजारच्या खाटेवरच्याला विचारलं, "कसली मेजवानी म्हनतीया रं? जेवान कवा येनार हाय?"

त्या चाचणीत एक गुण होता, 'मोकळेपणा'. तो शब्द मला भलताच आवडला. पुढं दुसरा शब्दच सुचेना. कुणी रडलं की मी म्हणायची, मोकळं व्हा. कुणी गप्प बसलं की, मोकळं व्हा. नातेवाईक भांडत आले की, आधी सगळे मोकळे व्हा. पुढं सांगलीच्या वॉर्डात तर माझं नाव 'मोकळंबाई' पडलं. तिथली जयश्री सिस्टर मी जिन्यात दिसले की ओरडायची, "खाट मोकळी करा रे, मोकळंबाई आल्या!"

आणि जो प्रश्न विचारायचा त्याचाच पगार मिळत होता, तो मात्र माझ्या तोंडातून निघत नसे. प्रश्न साधा आहे: जीव द्यायचा विचार मनात आहे का? पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की सरळ विचारा, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट असलेल्याला हलकं वाटतं. तरी मी आडून जायची. तासगावकडच्या एका बाईंना मी म्हणाले, "मावशी, मनात काही... वेगळं... येतं का?" मावशी उठूनच बसल्या. "वेगळं म्हंजे? या वयात? आवं, तुमाला कुनी काय सांगितलं माझं?" त्यांची समजूत घालता घालता माझाच घाम निघाला. शेवटी एकदाचं सरळ विचारलं. तर त्या एकदम शांत झाल्या आणि म्हणाल्या, "हां, ते व्हय. ते येतंय की अजून. मग सरळ इचारायचं न्हाई का बाई?"

तेव्हापासून सरळ विचारायला लागले. विचारून झालं की एकदा पुन्हा विचारायचं, "नक्की?" पहिलं उत्तर लोक बाईंना बरं वाटावं म्हणून देतात.

माणसं एका साच्यातली नसतात हे मला ज्यांनी शिकवलं त्यात पहिला साताऱ्यातला. म्हणजे महाबळेश्वरचा टॅक्सीवाला, संतोष. तिकडं पावसाळ्यात ढग दारात येऊन बसतो, गिऱ्हाईक दिसत नाही, हॉटेलं बंद, आणि सगळे टॅक्सीवाले एका छपराखाली एकमेकांची तोंडं बघत बसलेले. अशात कुणाची गाडी आधी लागणार, त्या नंबरावरून सख्ख्या भावाशी वाजलं. शब्दानं शब्द वाढला आणि हा तिरीमिरीत घरी जाऊन करायचं ते करून बसला. लगेच स्वतःच बाहेर आला आणि त्याच भावाला म्हणाला, "दाद्या, चुकलं रं, गाडी काढ."

मी त्याला चाचणीतलं विचारलं, "आपण रागाच्या भरात निर्णय घेता काय?"

"न्हाई म्याडम," तो म्हणाला. "निर्णय आमी घेतच न्हाई. आदी करतो, मग कळतंय."

या माणसाच्या स्वभावात आत खोल काहीतरी दडलं असेल म्हणून मी आठवडाभर खणत राहिले. काही निघालं नाही. बालपण बरं, बायको चांगली, झोप गाढ. त्याचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, वेळेवर गॅस बारीक केला की संपलं. म्हणजे त्याच्याबाबतीत काम एवढंच की तेवढी घटका जाऊ द्यायची. बायको आणि भावाला समोर बसवून धोक्याच्या वस्तू घरातून काढायला लावल्या. आणि त्याला म्हटलं, राग आला की मला फोन कर. ही चूक की शहाणपण ते तुम्ही ठरवा, कारण तो खरंच फोन करायचा. "म्याडम, राग आलाय. बोला." काय बोलू? मी थालीपिठाच्या भाजणीत काय काय घालतात ते सांगायची. तो ऐकत राहायचा. मग म्हणायचा, "हां, उतरला. धने किती म्हनला?" पुढं एकदा बँकेच्या रांगेत मी कुणावर तरी खेकसत असताना त्याचा फोन आला. माझा सूर ऐकून म्हणाला, "तुमालाच राग आलाय जनू. मी बोलतो, तुमी ऐका." आणि त्यानं मला महाबळेश्वरचे सगळे पॉइंट ओळीनं म्हणून दाखवले. मी सांगलीला बदलून आले तरी त्याचे फोन चालू राहिले, आता निम्मे तर नुसते खुशालीचे.

संतोषवरून मी अंदाज बांधला की माणसाला बोलतं ठेवायचं, काम फत्ते. त्या अंदाजाची रेहानानं वाट लावली. रेहाना मिरजेची, ब्लाउज शिवणारी. चाळिशीची बाई. भिंतीकडं तोंड करून पडलेली. काही विचारा, "काही नाही, बाई." मी स्टूल ओढून बसायची, मान तिरकी करायची, मोकळ्या व्हा म्हणायची. ती डोळे मिटून घ्यायची. असे बरेच दिवस गेले. डॉक्टरांना मी सांगितलं, स्वभाव अत्यंत अबोल, प्रतिसाद शून्य.

एक दिवस मी तिच्या उशाशी सलाईनची नळी अडकली होती ती सोडवायला हात वर केला. तिचे डोळे उघडे होते. ती एकदम बोलली, "या बाह्या कुणी लावल्या?"

म्हटलं, "कोणत्या बाह्या?"

"तुमच्या. उलट्या लागल्यात. डावी उजवीकडं." मग थोडं थांबून, "तरीच तुम्ही असं वाकडं बसता. मला वाटलं मानेचं दुखणं आहे."

माझी ती तिरकी मान! ज्यावर माझी भिस्त होती! मी हसायला लागले आणि थांबताच येईना, तेव्हा तीही हसली. मग बाह्यांवरून मुंढ्यावर, मुंढ्यावरून मशीनवर, आणि मशीनवरून घरात तिचं मशीन कुणी आणि का विकलं तिथपर्यंत ती आपली आपण आली. अबोल माणसाला प्रश्नानं बोलतं करता येत नाही, त्याच्या हातातल्या कामाजवळून जावं लागतं. तिला नंतर कुणी तरी मशीन मिळवून दिलं, ती पुन्हा शिवायला लागली. माझ्या बाह्या तिनंच सुलट्या करून दिल्या. माझ्या एवढ्या शिक्षणापेक्षा त्या बाह्या जास्त उपयोगी पडल्या असं जयश्री सिस्टर सगळ्या वॉर्डाला सांगत फिरली.

आता हवालदारांचं सांगते. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले.

दिनकर हवालदार कडेगावच्या बाजूचे. लष्करातून निवृत्त होऊन आलेले, चांगला ऊस, पुतण्याचं घर शेजारी, मुलगी लग्नाची. काही कमी नव्हतं. फक्त बायको अचानक गेली, आणि त्यानंतर वर्षाच्या आत हवालदार आमच्या वॉर्डात आले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या खाटेखाली चपला एका रेषेत होत्या आणि चादरीची घडी अशी की कोपऱ्यावर बोट कापावं. मी दिसताच ते पडल्या पडल्या ताठ झाले.

"कसं वाटतंय?"

"ठीक है, म्याडम."

चाचणीचे सगळे प्रश्न त्यांनी फटाफट सोडवले. वेळ पाळता का? जी. काम अर्धवट सोडता का? न्हाई जी. दुसऱ्याला त्रास होईल असं वागता का? "कदापि न्हाई, म्याडम." नेटकेपणात पैकीच्या पैकी आणि मोकळेपणात भोपळा. मला हुरूप आला. म्हटलं, "हवालदार, तुम्ही सगळं आत दाबून ठेवता. असं करू नका. मोकळं व्हा."

"जी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांच्या खाटेजवळचं कपाट उघडं, आतलं सगळं सामान पिशवीत भरलेलं, आणि फडक्यानं कपाट पुसून काढलेलं. म्हणाले, "मोकळं केलं, म्याडम. दुसरं कुनी येनार हाय का हितं?"

मी हा किस्सा किती जणांना सांगितला असेल! हवालदारांना मोकळं व्हा म्हटलं तर त्यांनी कपाट मोकळं केलं! सगळे पोट धरून हसायचे, मी सगळ्यांत जास्त. माझा शब्द त्यांच्या डोक्यात कोणत्या अर्थानं बसलाय हे त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं होतं, पण मला विनोदच दिसला.

त्यांना घरी सोडलं. औषध चालू. दिलेल्या तारखेला यायचे, वेळेच्या आधी, इस्त्रीच्या शर्टात. हळूहळू बोलायला लागले, मुख्यतः म्हशीबद्दल. म्हशीचं नाव चंद्री. बायकोनं वाढवलेली, आणि बायकोमागं फक्त हवालदारांना धार काढू द्यायची. "दुसऱ्याचा हात लागला की पान्हाच चोरती. लाथ झाडती. सूनबाईला दोनदा पाडलं." सूनबाई म्हणजे पुतण्याची बायको. मी म्हणायची, "म्हणजे तुमच्याशिवाय अडतं तिचं." ते म्हणायचे, "व्हय, अडतं खरं." आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा जरा कसनुसा व्हायचा. मला वाटायचं, लाजतायत.

मग मुलीचं लग्न ठरलं आणि थाटात झालं. त्यानंतरच्या तारखेला हवालदार लाडूंचा डबा घेऊन आले. चेहरा कसा, तर दाढी गुळगुळीत, डोळे शांत. इतके शांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. खुर्चीत टेकून बसले, एरवी खुर्चीच्या कडेला बसायचे.

"म्याडम, तुमी म्हनला हुता तसं झालं. मोकळा झालो."

पोरीचं लग्न झालं की बाप म्हणतोच, आता मोकळा झालो. आपल्याकडं कोणताही बाप म्हणतो. आणि वर मी म्हटलं होतं तसं! मला आनंदानं काय करू असं झालं. ते सांगत राहिले. ऊस पुतण्याच्या हवाली केला. कागद सगळे एका जागी लावले. आणि चंद्रीसुद्धा सूनबाईला धार द्यायला लागली. "रोज सूनबाईला माझा हिरवा मिलिटरीचा स्वेटर घालायला लावला. वास माझा, हात तिचा. आदी ऐकंना. मग लागली सवय. आता कुनाचं काय अडत न्हाई."

मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या ठेवल्या. म्हटलं, "वा! आता पुढची तारीख?"

"तारीख कशाला, म्याडम. उगं दुसऱ्याची जागा आडवायची." ते उठले, खुर्ची जागच्या जागी सरकवली, कडक सलाम ठोकला आणि गेले. आणि मी, सरळ प्रश्न विचारण्यासाठी पगार घेणारी, 'नक्की?' म्हणून पुन्हा विचारणारी बाई, लाडवाचा डबा काखेत मारून कँटीनमध्ये गेले.

जयश्री सिस्टर चहा पीत होती. मी तिच्यापुढं लाडू ठेवला, स्वतः एक तोंडात टाकला आणि सुरू झाले. "जयश्री, आमचे हवालदार मोकळे झाले! आणि गंमत ऐक, कपाटाहून भारी. त्यांनी म्हशीला सुनेच्या हाताची सवय लावली. स्वेटर घालून! महिनाभर राबले म्हणे. कारण काय, तर आपल्यावाचून तिचं अडायला नको..."

आणि माझं बोलणं तिथंच थांबलं. लाडू तोंडात तसाच. कपाट पुसलं होतं, ऊस सोपवला होता, मुलीचं लग्न उरकलं होतं, आणि आता म्हैस. दुसऱ्याला त्रास होईल असं हा माणूस कदापि वागणार नव्हता. तो सगळं आवरून निघाला होता.

"काय झालं?" जयश्री म्हणाली.

मी तोंडातल्या लाडवासकट पळाले. दवाखाना ते एसटी स्टँड अंतर फार नाही, पण माझं वजन, माझी साडी आणि निसटणारी चप्पल यांनी ते फार केलं. एक रिक्षावाला ओरडला, "मावशी, बस चुकली व्हय?" एक चप्पल निसटलीच, दुसरी मीच काढून हातात घेतली. हवालदारांना फोन केला तर बंद. स्टँडवर कडेगावच्या पाटीखाली एक गाडी उभी, मी चढले, ती निघाली जतची. पाटी बदलली होती. उतरले. पलीकडच्या फलाटावरची गाडी सुटत होती. मी हातातली चप्पल हलवत तिच्यापुढं उभी राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि माझ्या घराण्याचा उद्धार केला. तो मी बिनतक्रार ऐकून घेतला आणि चढले.

हवालदार तिसऱ्या सीटवर होते. ताठ, हात गुडघ्यांवर. मला बघून उठून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी कोसळले. गाडी हलली. कंडक्टर म्हणाला, "कुठं?" माझ्याकडं पर्स नव्हती. हवालदार शांतपणे म्हणाले, "दोन कडेगाव."

मी श्वास घेतला. मऊ आवाज काढायला गेले, पण त्या गाडीचं इंजिन आणि खिडक्यांचा खडखडाट असा की माझं मलाच ऐकू येईना.

"हवालदार, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?"

"काय म्हनला?"

मग मी ओरडले. "जीव द्यायचा विचार आहे का मनात?"

नेमकं तेव्हाच ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि इंजिन गप्प झालं. अख्ख्या गाडीनं ऐकलं. मागं कुणीतरी शेंगा फोडायचं थांबलं. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा. हवालदार समोर बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"नक्की सांगा," मी म्हटलं. आवाज चिरकला होता.

"व्हय," ते म्हणाले. "व्हय म्याडम. आज घरी जाऊन... सगळं झालं हुतं. कुनाचं काय ऱ्हायलं न्हाई." मग माझ्याकडं वळले. लहान पोरासारखं तोंड झालं होतं. "तुमीच म्हनला हुता. मोकळं व्हा."

मी रडले. सांगायला लाज वाटत नाही, भर एसटीत रडले. समुपदेशकानं रडू नये असं पुस्तकात आहे, ते पुस्तक या गाडीत बसलेलं नव्हतं. म्हटलं, "हवालदार, मी शब्द चुकीचा वापरला. तो हुकूम मी मागं घेते."

"मागं?"

"मागं. रद्द."

"मग आता काय हुकूम हाय?"

माझ्याकडं काही तयार नव्हतं. पुढच्या सीटवर एक नऊवारीतल्या आजी होत्या, त्या मागं वळल्या. "आवं भाऊ, काय हुकूम, काय हुकूम! उतरा की हितं. बाई एक चप्पल हातात घिऊन पळत आलीया तुमच्यासाटी!"

खरंच, दुसरी चप्पल वाटेतच राहिली होती. कंडक्टरनं न विचारता घंटी मारली. माधवनगरला आम्ही उतरलो. गाडी लगेच हलली नाही. खिडक्यांतून सगळे बघत होते आणि आजी हात हलवत होत्या. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मी त्यांच्या घरी फोन लावून पुतण्याला बोलावून घेतलं, आणि तो येईपर्यंत त्यांची बाही धरून बसले. त्यांनी सोडवून घेतली नाही.

पुढचं काम साधं होतं, पण लांबलचक. पुन्हा भरती. औषध बदललं. पुतण्या आणि सूनबाईला स्पष्ट सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. सूनबाई ऐकून घेत होत्या, मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मामंजी, तुमची म्हस तुमीच बघा. मला तिचं लय भ्या वाटतंय." खोटं होतं ते, तोवर चंद्री त्यांच्या हाती छान लागली होती. पण हवालदारांना ते पटलं. घरी गेल्यावर ते पुन्हा पहाटे उठून धारेला बसायला लागले.

संतोषला एक घटका टाळायची होती. रेहानाला हाताला काम हवं होतं. हवालदारांना कुणाचं तरी अडायला हवं होतं. करून बसले तिघंही एकच, पण प्रत्येकाला परत आणायची वाट निराळी. मी मात्र तिघांनाही एकच मात्रा उगाळून देत होते. त्या दिवसानंतर 'मोकळं व्हा' मी कुणाला म्हटलं नाही. आणि घरातलं कुणी आजारी, उदास माणूस अचानक सगळं निरवून शांत झालं, तर पेढे वाटू नका, शेजारी बसा आणि सरळ विचारा, हे मी दिसेल त्याला सांगत सुटले. आणि मग त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात घेऊन या.

सगळ्याच गाड्या मला स्टँडवर उभ्या सापडल्या नाहीत. काही जण राहिले नाहीत. त्यांचे चेहरे मला आठवतात, त्यांच्यावर मला विनोद करता येत नाही आणि करायचाही नाही.

मग मी निवृत्त झाले. सभागृहात कार्यक्रम झाला. हार, नारळ, शाल. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लांब, विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी प्रत्येक वक्ता उठून म्हणत होता, "आता काय मॅडम, तुम्ही मोकळ्या झालात!" इथले मोठे डॉक्टर म्हणाले, जयश्री सिस्टर म्हणाली. मी हसत होते. शालीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट उभा राहिला. हवालदार. त्यांनी माइक घेतला नाही, त्यांना लागत नाही.

"म्याडम, सगळी म्हनत्यात तुमी मोकळ्या झाला. मला एक इचारायचंय. सरळ इचारू?"

"विचारा की."

"तुमच्या मनात जीव द्यायचा इचार हाय का?"

मोठे डॉक्टर खुर्चीत सरकले. मी हसून काहीतरी टोलवणार होते, माझी सवयच ती. पण एवढ्या वर्षांत मी हा प्रश्न किती जणांना विचारला, मला मात्र कुणी विचारला नव्हता. आणि तो विचारताच माझ्या लक्षात आलं, उद्या सकाळी उठून काय करायचं या विचारानं मला आठवडाभर झोप नव्हती.

"नाही हो, हवालदार," मी म्हटलं. आवाज मऊ नव्हता, नुसताच ओला होता.

"नक्की?"

"नक्की. पण घरी बसायची भीती वाटते."

"मग बुधवारी कडेगावला या. चंद्रीला तुमच्या हाताची सवय लावू."

मी घाबरून विचारलं, "का? तुम्ही कुठं निघालात?"

"कुटं न्हाई," ते म्हणाले, आणि अख्खं सभागृह हसलं, त्यात तेही.

तेव्हापासून मी दर बुधवारी जाते. हिरवा स्वेटर घालून गोठ्यात बसते. मला तो घट्ट होतो आणि चंद्रीला तो अजिबात फसवत नाही. मी हात लावला की ती मान वळवून माझ्याकडं अशी बघते जशी मी कधीकाळी पेशंटकडं बघायची, आणि मग पान्हा चोरते. गेल्या बुधवारी तिनं बादली लवंडली, मी शेणात बसले. म्हटलं, "हवालदार, हे माझ्यानं व्हायचं नाही. किती वर्षं लागतील हिला?"

ते दावणीला टेकून उभे होते, चांगलेच खूश दिसत होते.

"लय लागतील," ते म्हणाले. "घाई न्हाई, म्याडम. मी हितंच हाय."